समाज माणसाला घडवतो, पण म्हणून माणूस बाहुले ठरत नाही

समाजशास्त्राविषयी एक दावा अभ्यासाच्या टिपणांतून आणि समाजमाध्यमांवरच्या लेखांतून सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : या शास्त्राच्या संस्थापकांनी माणसाला कोरी पाटी मानले, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ द्यूरकेमने आत्महत्येसारखी अत्यंत खासगी कृतीसुद्धा समाजाच्या खात्यावर टाकली, मार्क्सने विचारांना पोटाचे गुलाम ठरवले, जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरने भांडवलशाहीचे सारे श्रेय धर्माला दिले, कूली आणि मीड या अमेरिकी विचारवंतांनी ‘मी’ म्हणजे इतरांच्या मताचे निव्वळ प्रतिबिंब असे सांगितले, हे सर्वजण एकच गोष्ट सांगत होते आणि त्यामुळे व्यक्तीची जबाबदारी शिल्लकच राहत नाही. या दाव्यातल्या प्रत्येक विधानात खऱ्याचा एखादा अंश आहे, आणि तेवढ्यामुळेच तो पटतो. मूळ लेखन वाचणाऱ्याला मात्र तो मान्य करता येणार नाही.

प्रथम कोऱ्या पाटीविषयी. शिक्षणावरच्या लेखनात एमिल द्यूरकेमने, प्रत्येक नव्या पिढीच्या रूपाने समाजापुढे जवळजवळ कोरी पाटी येते, असे म्हटले आहे, हे लपवण्याचे कारण नाही. 1895 साली समाजशास्त्राच्या पद्धतीचे नियम मांडताना त्याने ‘सामाजिक तथ्य’ व्यक्तीच्या बाहेर असते आणि तिच्यावर दबाव आणते, असेही सांगितले. फ्रेंच माणसाला आपल्या देशबांधवांशी फ्रेंच बोलण्याची किंवा चालू चलन वापरण्याची कोणी सक्ती करत नाही, तरी त्याला वेगळे वागता येत नाही, हे त्याचे उदाहरण होते. यावर टीका झाल्यावर 1901 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने खुलासा केला की, श्रद्धा आणि रीती आपल्याकडे बाहेरून येतात म्हणून आपण त्या निमूटपणे, जशाच्या तशा स्वीकारतो असे नव्हे. त्यांचा विचार करताना आणि त्या आत्मसात करताना आपण त्यांवर स्वतःचा ठसा उमटवतो. पाटीचा दाखला देणाऱ्यांनी हा खुलासाही सोबत दिला पाहिजे. याच द्यूरकेमने 1898 साली, द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरच्या हेरगिरीच्या खोट्या आरोपाने फ्रान्स दुभंगलेला असताना, व्यक्तीच्या हक्कांच्या बाजूने जाहीर लेख लिहिला आणि व्यक्तीची प्रतिष्ठा हाच आधुनिक समाजाला एकत्र ठेवणारा धर्म आहे, असे प्रतिपादन केले. व्यक्तिवादही समाजातच जन्मतो, हे त्याचे म्हणणे होते; व्यक्ती नाहीच, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

आत्महत्येचा मुद्दा सर्वांत जास्त विपर्यस्त झाला आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आत्महत्येवरच्या 1897 च्या ग्रंथासाठी द्यूरकेमचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे 26,000 प्रकरणांची कागदपत्रे वय, लिंग, विवाह आणि अपत्ये यांनुसार वेगळी केली. त्यातून द्यूरकेमला शोधायचे होते ते एखादी व्यक्ती या टोकाला का गेली याचे उत्तर नव्हे. दरवर्षी मरणारी माणसे वेगळी असूनही एका समाजातला आत्महत्येचा दर बराच स्थिर का राहतो, प्रॉटेस्टंट प्रदेशांत तो कॅथलिक प्रदेशांपेक्षा जास्त का दिसतो, मुलाबाळांच्या कुटुंबात तो कमी का असतो, हे त्याचे प्रश्न होते. एकेका आत्महत्येमागच्या सर्व कारणांची यादी करण्याचा आपला हेतू नाही, हे त्याने ग्रंथाच्या आरंभीच स्पष्ट केले आहे. घाटातल्या एखाद्या वळणावर वर्षानुवर्षे अपघात होत असतील, तर रस्त्याची आखणी तपासावीच लागते. पण त्या तपासणीतून एखाद्या चालकाने त्या दिवशी वेग का वाढवला हे कळत नाही, आणि त्याचा दोषही माफ होत नाही. दर आणि व्यक्ती यांतला हा भेद लक्षात घेतला, तर जबाबदारी पुसली जाते हा आक्षेपही बराचसा गळून पडतो. कारण सांगणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

मार्क्सविषयीच्या विधानाला आधार म्हणून अर्थशास्त्रावरच्या त्याच्या 1859 च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतले, माणसाची जाणीव त्याच्या सामाजिक अस्तित्वावरून ठरते, हे वाक्य दिले जाते. परंतु 1845 साली लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर 1888 मध्ये त्याचा सहकारी एंगल्स याने छापलेल्या टिपणांत मार्क्सने नेमक्या याच एकांगीपणावर बोट ठेवले आहे : माणसे परिस्थितीची निर्मिती आहेत असे म्हणणारे हे विसरतात की परिस्थिती माणसेच बदलतात, आणि शिक्षकालाही शिक्षण घ्यावे लागते. 1852 साली त्याने लिहिले की माणसे आपला इतिहास स्वतः घडवतात, मात्र मनाजोगत्या परिस्थितीत नव्हे, तर मागून चालत आलेल्या परिस्थितीत. या वाक्याचा उत्तरार्ध तेवढा उचलायचा आणि पूर्वार्ध गाळायचा, ही प्रामाणिक वाचनाची रीत नव्हे.

वेबरच्या बाबतीत फार लिहिण्याची गरज नाही. प्रॉटेस्टंट धर्म आणि भांडवलशाही यांवरच्या 1904-05 च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधाच्या शेवटी, एकांगी भौतिक स्पष्टीकरणाच्या जागी तितकेच एकांगी आध्यात्मिक स्पष्टीकरण बसवण्याचा आपला हेतू नाही, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. शिवाय त्याच्या व्याख्येत समाजशास्त्राचा आरंभच, कृती करणारी व्यक्ती आपल्या कृतीला कोणता अर्थ देते, हे समजून घेण्यापासून होतो.

कूलीचा ‘आरशातला स्व’ हा तर नावामुळेच फसवतो. 1902 साली त्याने सांगितलेले तीन घटक असे : आपण दुसऱ्याला कसे दिसतो याची आपली कल्पना, तो आपल्याविषयी काय ठरवत असेल याची आपली कल्पना, आणि त्यातून उपजणारा अभिमान किंवा संकोच. यांतला एकही घटक दुसऱ्याचे प्रत्यक्ष मत नाही. कल्पना करणारे मन आपलेच आहे. मीडने हाच धागा पुढे नेला. भातुकलीत मूल एका वेळी एकच भूमिका घेते, कधी आईची तर कधी दुकानदाराची. सांघिक खेळात मात्र सर्वांच्या भूमिका एकदम ध्यानात ठेवाव्या लागतात, आणि तेथे समाज मनात शिरतो. पण इतरांच्या अपेक्षांतून बनलेल्या ‘मला’ या अंगाबरोबरच त्या अपेक्षांना प्रतिसाद देणारा ‘मी’ मीडने वेगळा ठेवला, आणि तो काय करील हे आधी सांगता येत नाही, असे त्याचे मत होते.

राहिला शेवटचा दावा, की हे सर्वजण एकच सांगत होते. द्यूरकेमचा कट्टर प्रतिस्पर्धी, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द, ज्याच्या कार्यालयातून आत्महत्येची आकडेवारी द्यूरकेमला मिळाली, समाजाला व्यक्तीबाहेरची स्वतंत्र शक्ती मानायलाच तयार नव्हता. एकाने दुसऱ्याचे अनुकरण करणे हीच त्याच्या मते समाजाची मूळ क्रिया होती. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला, तेव्हा जात पसरली कशी हे सांगताना त्यांनी तार्दचाच आधार घेतला. द्यूरकेमने सती गेलेल्या विधवांची गणना, समूहाशी अति एकरूप झाल्याने होणाऱ्या आत्महत्यांत केली होती; माझ्या मते त्याच्या ग्रंथातला हा सर्वांत कच्चा भाग आहे. आंबेडकरांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे जातीअंतर्गत विवाह टिकवण्याचे उपाय म्हणून वाचले, आणि त्यामुळे या प्रथांमागे कोणाचा हितसंबंध होता हे दिसू लागले. मनूने एकट्याने जात निर्माण केली हे त्यांनी नाकारले, आणि अमूर्त समाजाने ती केली असेही म्हटले नाही : काहींनी आपले दार आतून लावून घेतले आणि इतरांना ते बंद आढळले, अशी त्यांची मांडणी होती, आणि दार पहिल्यांदा लावून घेणारा वर्ग पुरोहितांचा होता, हे त्यांनी त्या निबंधात स्पष्टपणे सांगितले.