बाण कसा लावावा

मुंबईतल्या एखाद्या रेल्वे स्थानकात दिशादर्शक पाट्या लावण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी : बाण प्रवाशाला वाट दाखवण्यासाठी नसून, तो लावल्याची नोंद व्हावी यासाठी असतो. म्हणूनच वाटा जिथे फुटतात त्या जागेच्या अलीकडे पाटी लावण्याचा मोह टाळावा. गर्दीच्या रेट्याने माणूस पुढे ढकलला गेला आणि परतणे अशक्य झाले की मगच ती दिसावी, म्हणजे आपण कुठे चुकलो हे तरी त्याला कळते.

वर टोक असलेला बाण आवर्जून वापरावा. त्याचा अर्थ ‘सरळ पुढे जा’ असाही होतो आणि ‘जिना चढा’ असाही. ही संदिग्धता आयती मिळालेली असताना जिन्यासाठी तिरपा बाण काढून ती वाया का घालवावी? ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ हे शब्द मात्र एकाच ओळीत लिहून मधोमध एकच बाण काढावा. तो कोणाचा, हे प्रवाशांनी आपापसांत ठरवावे.

दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट वेगवेगळे, एकपासून मोजण्याची जुनी सोय ९ डिसेंबर २०२३ रोजी मोडीत निघाली आणि मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ असे सलग मोजले जाऊ लागले, हा आपल्या कलेवरचा आघातच म्हणायचा. ‘फलाट क्रमांक १’ असे लिहून दोन्ही दिशांना बाण काढावेत आणि दोन्ही खरे ठरावेत, हे भाग्य आता तिथे उरले नाही.

लिंडन लीडर या आरेखकाने १९९४ साली फेडेक्स या कुरिअर कंपनीच्या बोधचिन्हात दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत बाण दडवला, त्याचे आजही केवढे कौतुक होते! आपण तर अख्खी पाटी पंख्यामागे, वायरींच्या जुडग्यामागे आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सआड दडवतो, पण दाद कोणी देत नाही. (त्या फ्लेक्सवरच्या साहेबांचे उगारलेले बोट बहुधा आभाळाकडे असते, तोही वर टोक असलेला बाणच समजावा.)

इतके करूनही लोक स्थानकाबाहेरच्या पानवाल्यालाच वाट विचारणार आणि तो कंटाळून ‘येथे पत्ता विचारू नये’ अशी पाटी लावणार. तिच्याखाली चौकशी खिडकीकडे जाणारा बाण आपण स्वखर्चाने काढून द्यावा. खिडकीत कोणी बसते की नाही, हा वेगळ्या विभागाचा विषय आहे.