फाइल सांभाळणं हे आईचं काम नाही

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. त्याला बोलता येत नाही आणि फिट्स येतात. त्याच्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत. पण ही मंडळी एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांचे निरोप आई पोचवते. कुठल्याही नवीन ओपीडीत गेलं की मिसरूड फुटलेल्या मुलाबद्दल तिला पुन्हा विचारतात, 'जन्मल्यावर लगेच रडला होता का?'

याने काय होतं ते सांगते. फिट्ससाठी लेव्हेटिरासिटॅम सुरू झालं. या औषधाने काही जणांची चिडचिड वाढते. भाऊ स्वतःच्या हाताला चावायला लागला. शाळेने डायरीत लिहिलं, 'वर्तन बिघडले आहे.' मग वर्तन शांत करण्यासाठी रिस्पेरिडोन हे दुसरं औषध आलं. त्याने भूक वाढली, वजन वाढलं, जिना चढताना दम लागायला लागला. फिजिओथेरपिस्ट आईलाच म्हणाले, 'घरी व्यायाम घेत नाही वाटतं.' आपापल्या खोलीत प्रत्येकाचं बरोबरच होतं! पण औषध बदलल्याचं शाळेला कुणी कळवलं नाही आणि चावण्याबद्दल न्यूरॉलॉजिस्टना कुणी सांगितलं नाही.

ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं. दाढ, कान, बद्धकोष्ठ हे आधी तपासा. 'हे ऑटिझममुळेच' असं म्हणून मोकळं होऊ नका.

अशा प्रत्येक व्यक्तीसाठी एक ठरलेला समन्वयक हवा. नुसता नावाचा नको, तसा नेमला तर आणखी एक निरोप्या तेवढा वाढेल. सगळ्यांना एकत्र बसवायचा अधिकार त्याला हवा आणि त्या बैठकीचा वेळ डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या कामातच धरलेला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या २६ व्या कलमाची दिशाही हीच आहे: गरजांचं मूल्यमापन वेगवेगळ्या तज्ज्ञांनी मिळून आणि होईल तितक्या लवकर करायचं, आणि सेवा माणूस राहतो तिथून जवळ द्यायच्या.

शिवाय हा समन्वयक १८ व्या वर्षी बदलता कामा नये. नेमकी तेव्हाच शाळा सुटते, बालरोगतज्ज्ञ सुटतात आणि पुढे कुणाकडे जायचं ते कुणीच सांगत नाही. डाउन सिंड्रोम या जन्मजात स्थितीतही असाच आधार लागतो, आणि ती असलेली बरीच माणसं आता ६० वर्षांपर्यंत जगतात. तोवर आईवडील कुठून पुरणार?

फिट येण्याआधी भाऊ उजवा कान घट्ट धरतो. अनोळखी माणसाने मागून हात लावला की घाबरून ढकलतो. हे कुठल्याच केसपेपरवर नाही, फक्त आईला माहीत आहे. समन्वयकाने पहिल्या भेटीत हे सगळं लिहून घ्यावं आणि त्याची प्रत प्रत्येकाकडे जावी.