१०० वॅटच्या घडीच्या पॅनेलवर अख्खं घर चालतं म्हणे!

लाइट जाण्याचे दिवस आले की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. त्याचं सार असं: १०० वॅटचं घडीचं सोलर पॅनेल घ्या, दिवसाला हजार-बाराशे वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे बिलातलं एक युनिट) फुकट मिळतात, फ्रिजसकट सगळं घर चालतं. ढग असोत की सावली, फरक पडत नाही. खिडकीच्या आत ठेवलं तरी चालतं. आणि कमी पडलं तर दुसरं पॅनेल जोडा, काम दुप्पट. घडीचं पॅनेल ही खरोखर कामाची वस्तू आहे, म्हणून तर या मेसेजचा जास्त राग येतो. त्यावर भिस्त ठेवून पॅनेल घेणारा पहिल्याच अंधारात तोंडघशी पडतो आणि मग ‘सोलर म्हणजे थापा’ असं सांगत सुटतो.

‘१०० वॅट गुणिले १२ तास.’

गुणाकार बरोबर आहे, पण दोन्ही आकडे चुकीचे घेतलेत. १०० वॅट हा प्रयोगशाळेतला आकडा: दर चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश आणि सेलचं, म्हणजे पॅनेलवरच्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचं, तापमान २५ अंश. रणरणत्या उन्हात पॅनेल ५५-६० अंशांपर्यंत सहज तापतं, आणि सिलिकॉन सेलची ताकद २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. म्हणजे दहा-बारा टक्के उष्णतेतच गेले. शिवाय धूळ, केबल आणि चुकलेला कोन आहेतच. भर दुपारी, स्वच्छ आकाशात, पॅनेल सूर्यासमोर नीट धरून ७०-८० वॅट दिसले तर तक्रार करू नये.

आता ते १२ तास. सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरपं आणि मवाळ असतं. दिवसभराचं ऊन ‘पूर्ण उन्हाच्या’ तासांत मोजलं तर चांगल्या दिवशी चार-पाच तास भरतात. हाती येतात ३०० ते ४०० वॅट-तास.

‘फ्रिजसकट सगळं घर.’

घरच्या फ्रिजला दिवसाला हजार वॅट-तासांच्या आसपास लागतात, जुना असेल तर त्याहून जास्त. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढतो ते वेगळंच. इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के गळती धरा आणि हातात ३०० वॅट-तास उरले असं समजा. त्यात नऊ वॅटचे दोन एलईडी पाच तास (९०), राउटर आठ तास (८०), तीन फोन (साधारण ६०) आणि ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा दोन तास (६०) बसतात. संपलं. लाइट नसताना एवढंही फार मोलाचं असतं, पण त्याला ‘सगळं घर’ म्हणत नाहीत. पॅनेल निवडायचं तर आधी असा हिशेब कागदावर मांडा, मग किती वॅटचं घ्यायचं ते आपोआप ठरतं.

शिवाय मेसेजमध्ये बॅटरीचा उल्लेखच नाही. पॅनेल वीज साठवत नाही. रात्री दिवे लावायचे तर पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेला, उचलून नेता येणारा डबा) किंवा बॅटरी हवीच, आणि खर्चाचा मोठा वाटा तिचाच असतो. तिला पॅनेलशेजारी उन्हात ठेवू नका, केबल लांब घ्या आणि बॅटरी सावलीत ठेवा. फक्त लांब केबल जाड असू द्या, नाहीतर थोडी वीज वाटेतच जिरते.

‘ढग असोत की सावली, फरक पडत नाही.’

दाट ढगांत १०० वॅटच्या पॅनेलकडून १०-२५ वॅट मिळतात. सावलीचं दुखणं त्याहून वाईट. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक सेल झाकला की त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. बायपास डायोड असले तर तेवढा भाग वगळून बाकीचं चालतं, नसले तर जवळपास सगळंच बसतं. करून बघा: पॉवर स्टेशनच्या स्क्रीनवर डोळा ठेवून पॅनेलच्या एका सेलवर तळहात टेकवा. झाकलं किती आणि आकडा उतरला किती, ते बघितलं की गॅलरीच्या गजांची सावलीसुद्धा टोचायला लागते.

‘खिडकीच्या आतही चालतं.’ चालतं, अगदी रडतखडत. काच प्रकाश अडवते, आणि आतून कोन साधता येत नाही. उष्णता रोखणारी काच असेल तर विचारूच नका.

मेसेजखाली बहुतेक वेळा वहीएवढ्या ‘२०० वॅट’ पॅनेलची लिंकही असते. बावीस टक्के कार्यक्षमतेच्या सेलना १०० वॅटसाठी जवळजवळ अर्धा चौरस मीटर जागा लागते. ए-फोर कागदाएवढ्या पॅनेलमधून उत्तम उन्हात तेरा-चौदा वॅट निघतील. फसवणूक ओळखायला मोजपट्टी पुरते.

‘दुसरं पॅनेल जोडा, काम दुप्पट.’

यातला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. पॅनेलच्या पाठीवर एक लेबल असतं. त्यावर वॅटच्या खाली ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे व्हीओसी (पॅनेलला काहीच जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज), लिहिलेलं असतं. १०० वॅटच्या बऱ्याच पॅनेलवर ते २२-२४ व्होल्ट असतं. दोन पॅनेल सिरीजमध्ये (एकाचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला) जोडली की व्होल्टेजची बेरीज होते, पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडली तर करंटची. करंट जास्त झाला तर पॉवर स्टेशन सहसा हवा तेवढाच घेतं. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं तर मात्र त्याचं इनपुट सर्किट जळू शकतं. समजा मर्यादा ५० व्होल्टची आहे आणि तुम्ही २४-२४ ची दोन पॅनेल सिरीजमध्ये लावली. कागदावर ४८, सगळं आलबेल. पण थंडीत व्होल्टेज वाढतं. पाच अंशांच्या पहाटे, पहिलं ऊन पडताच, तोच आकडा पन्नाशी ओलांडतो. म्हणून दुसरं पॅनेल घेण्याआधी पॉवर स्टेशनच्या माहितीपत्रकातली कमाल इनपुट व्होल्टेज बघा, आणि सिरीजची बेरीज तिच्यापेक्षा निदान दहा टक्के खाली राहत नसेल तर पॅरललच करा.