टायटॅनियमच्या भांड्यात बुडाला लागत नाही म्हणे!

ट्रेकची भांडी घ्यायची म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: ‘डोळे मिटून टायटॅनियम घ्या. सगळ्यात हलका धातू, झटकन तापतो, गॅस वाचतो, काही चिकटत नाही. ॲल्युमिनियम म्हणजे तर विषच!’ माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून लिहितोय.

सगळ्यात हलका? टायटॅनियमची घनता घन सेंटिमीटरला साधारण 4.5 ग्रॅम, ॲल्युमिनियमची 2.7. म्हणजे धातू म्हणून ॲल्युमिनियमच हलकं. टायटॅनियम मजबूत असल्याने त्याचा पत्रा अगदी पातळ ठेवता येतो, वजन वाचतं ते तिथे. स्टीलसमोर (घनता 8च्या आसपास) फरक हातालाच कळतो. ॲल्युमिनियमसमोर मात्र तेवढ्याच मापाची दोन भांडी काट्यावर ठेवून बघा, मगच पैसे मोजा.

गॅस वाचतो हे तर गणितातच बसत नाही. अर्धा लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला साधारण 167 किलोज्यूल उष्णता लागते. 100 ग्रॅमचं टायटॅनियमचं भांडं तेवढंच तापवायला लागते जेमतेम 4. भांड्याचा वाटा एवढासा, तर धातू बदलून वाचणार किती? गॅस वाचतो तो झाकणाने, रुंद बुडाने आणि वारा अडवल्याने. (आडोसा करताना कॅनिस्टर (गॅसचा छोटा डबा) चारी बाजूंनी झाकू नका. तो तापला तर फुटू शकतो.)

आता चिकटण्याचं. टायटॅनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या साधारण दहावा हिस्सा. ज्योत लागते तिथेच बूड तापतं, बाजूला उष्णता पसरतच नाही. माझ्या भांड्याच्या बुडाला बाहेरून निळं-जांभळं कडं उमटलंय. आत ओट्स करपले तेही बरोबर त्याच कड्यावर, मधे आणि कडेला मात्र पांढरे. चमच्याने खरवडताना बर्नरचा ठसाच हाती आला म्हणा ना! ते निळं कडं म्हणजे तापून जाड झालेला ऑक्साइडचा थर, त्याने काही बिघडत नाही. पण ढवळत बसायची तयारी नसेल तर टायटॅनियममध्ये फक्त पाणी उकळावं. भात किंवा परतायचं काही असेल तर हार्ड ॲनोडाइज्ड (वर ऑक्साइडचा कडक थर चढवलेलं) ॲल्युमिनियमच बरं.

विषाचं म्हणाल तर साध्या ॲल्युमिनियममध्ये आंबट पदार्थ शिजवल्यावर थोडा धातू अन्नात उतरतो, हे खरं. ॲनोडाइज्ड थराने ते बरंच कमी होतं. अल्झायमरशी जोडलेला संबंध सिद्ध झालेला नाही. टायटॅनियम अन्नाशी जवळजवळ काहीच क्रिया करत नाही, हा गुण मात्र शंभर टक्के मान्य.

आणि ‘चहाचा टायटॅनियमचा मग थेट चुलीवर ठेवा, वेगळं भांडं कशाला’ म्हणणाऱ्यांनी आधी मगाची भिंत एकेरी आहे का ते बघावं. दुहेरी भिंतीचा बंद मग विस्तवावर ठेवला की आत कोंडलेली हवा प्रसरण पावते आणि मगाची भिंत फुगते, नाहीतर फाटते.