18 जून रोडवर फोटो काढायला कुणीच का थांबत नाही?

पुण्याहून भाचा आलाय. त्याला पणजीत एकच गोष्ट बघायची होती, फोंताइन्हास, पोर्तुगीज काळातल्या घरांची जुनी वस्ती. डिचोलीहून कदंबा बस पकडून स्टँडवर उतरलो आणि उरेंची खाडी ओलांडून आत शिरलो. निळ्या-पिवळ्या भिंती, लाकडी सज्जे, कौलं. आणि बऱ्याच दारांवर पाट्या, फोटो काढू नका. त्यांचं काय चुकलं? तुमच्या पायरीवर अनोळखी माणसं अर्धा तास पोझ देत बसली तर तुम्ही त्यांना चहा विचाराल? भाच्याने मोबाइल खिशात घातला. तेवढं वळण आहे त्याला.

मग चर्चसमोरून त्याला 18 जून रोडवर आणलं.

"मामा, इथे काय बघायचं? दुकानंच तर आहेत."

खरंय. काजूगर, कपडे, चपला, बँका. म्हटलं, नाव कशावरून पडलं सांग. तो म्हणाला, गोवा मुक्त झाला तो दिवस. अरे, तो 19 डिसेंबर 1961! 18 जून ही तारीख त्याच्या पंधरा वर्षं आधीची. समाजवादी नेते राममनोहर लोहिया गोव्यात असोळण्याला मित्राकडे, डॉ. ज्युलियांव मिनेझिसांकडे विश्रांतीला आले होते. इथली परिस्थिती ऐकून विश्रांती राहिली बाजूला. सभेला सरकारी परवानगी लागायची, लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जायची. 18 जून 1946 ला मडगावात, भर पावसात, दोघांनी विनापरवाना सभा घेऊन तो हुकूम मोडला आणि दोघांनाही अटक झाली.

यातलं एक अक्षरही त्या रस्त्यावर लिहिलेलं मला कधी दिसलं नाही. नुसती तारीख. फोंताइन्हासमधल्या रस्त्याचं नावही तारीखच आहे, 31 जानेवारी, पोर्तुगीज काळातलं. दोन्ही रस्ते चालत पाच-दहा मिनिटांवर. त्यांच्या तारखेला फिल्टर लावून फोटो, आपल्या तारखेला पार्किंगची शोधाशोध! (फोंताइन्हासवर माझा राग नाही. तिथली जुनी घरं टिकली हे चांगलंच झालं.) रस्त्याच्या तोंडाशी चार ओळींचा एक फलक लावा, मराठीत, कोंकणीत, इंग्रजीत. रस्ता सुशोभित करायला दर काही वर्षांनी खणता, त्यात हा खर्च कुठल्या कुठे जाईल.

भाजी-पाव खाताना भाच्याने विचारलं, "सभा मडगावात, मग रस्ता पणजीत कसा?"

म्हटलं, मडगावात लोहियांच्या नावाचं मैदान आहे, सभा तिथेच झाली.

"मग उद्या तिकडे?"

त्याचं परतीचं तिकीट उद्याचंच होतं. बहिणीला फोन करून एक दिवस पुढे ढकलायला सांगितलंय.