दवाखाना माळावर नेऊन ठेवलाय!

आज पुन्हा तेच. आईला घेऊन आठच्या एसटीने तालुक्याला उतरलो. सहा सीट भरेपर्यंत टमटममध्ये अर्धा तास घामाघूम बसलो, माणशी ४० रुपये मोजले, आणि दवाखान्यात पोचलो तर खिडकीवरची बाई म्हणते, "बीपी-शुगर आता मंगळवारी. बोर्ड लावलाय की." कुठे लावलाय? मागच्या जिन्यात! गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसं बोर्ड वाचायला मागच्या जिन्यात जाणार आहेत का?

जुनं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं होतं. भिंतींना ओल, व्हरांड्यात कुत्री, सगळं कबूल. पण स्टँडवरून चालत तीन मिनिटं. आठच्या गाडीने यायचं, केसपेपर काढायचा, इंजेक्शन घ्यायचं, बाजार करायचा, बाराच्या गाडीने घरी. आता म्हणे श्रेणीवर्धन झालं. ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय! फक्त ते गावात नाही, पाच किलोमीटरवर हायवेच्या कडेला, गायरानात. का, तर जागा फुकट मिळाली. सरकारला फुकट हो, आमचे दोघांचे जाऊन-येऊन १६० रुपये त्या टमटमला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही माफ. ते वाचले म्हणून खूश होतो आम्ही.

आणि एसटी त्याच रस्त्याने जाते! दवाखान्याच्या दारासमोरून! पण थांबत नाही. कंडक्टर म्हणतो, "मंजूर थांबा नाही." टमटमवाला पलीकडच्या बाजूला उतरवतो, कारण दुभाजकाला फट दोन किलोमीटर पुढे आहे. आज माझ्या डोळ्यांसमोर एक ओली बाळंतीण बाळ सासूच्या हातात देऊन दुभाजकावर चढत होती. पाठीमागून ट्रक भोंगा वाजवतोय. कुठल्या नकाशावर बसलं हे?

आत फरशी चकाचक. कोनशिलेवर इतकी नावं की वाचून होईपर्यंत ओपीडी बंद व्हावी. खाटा ५०, स्टाफ मात्र तीस खाटांचाच, त्यातलीही निम्मी माणसं 'प्रतिनियुक्तीवर', म्हणजे तात्पुरती दुसरीकडे कामाला पाठवलेली. इमारत सार्वजनिक बांधकामवाले बांधणार, पदांना मान्यता मंत्रालयातली सचिवांची समिती देणार, आणि या दोघांची गाठ काही पडत नाही. कंत्राटदाराचं बिल निघतं, नर्सचं पद निघत नाही. भूलतज्ज्ञ नाही म्हणून ऑपरेशन थिएटरला कुलूप. सिझर म्हटलं की चिठ्ठी हातात, "पुढे न्या". पुढे म्हणजे जिल्ह्याला, ६० किलोमीटर. सोनोग्राफीचं मशीन आलंय, पण प्लॅस्टिकच्या गुंडाळीत. चालवायला डॉक्टर नाही आणि पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखालची, नोंदणीही व्हायची आहे म्हणे. मग लोकार्पण कशाचं केलंत? फरशीचं?

जुन्या इमारतीत निदान सकाळची ओपीडी ठेवा, म्हणून आम्ही पंचवीस-तीस जणांनी सह्या करून अर्ज दिला. महिन्याभराने तोंडी उत्तर आलं, दोन ठिकाणी स्टाफ देता येत नाही. अहो, मग एका ठिकाणी तरी द्या!

जुन्या इमारतीला आता कुलूप आहे. तिथे काय होणार हे पानटपरीवर प्रत्येकाला माहीत आहे, कागद मात्र कुणी दाखवत नाही.

घरी आल्यावर आईची गोळ्यांची डबी उघडली. पंधरा दिवसांच्या पंधरा देतात, आज पंधरावा दिवस. डबीत सात शिल्लक. विचारलं तर म्हणते, "एकाआड एक घेते रे. पुरवायला नकोत का? सारखं सारखं कोण जातंय त्या माळावर!" ओरडणार होतो तिच्यावर. आता बीपी किती चढलंय ते बघायचं तर तेही मंगळवारीच.