मळखाऊ बेडरूम

भडक रंगांवरून घरात भांडण झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पोपटी म्हणजे पोपटी, लाल म्हणजे लाल. एखादा नाक मुरडतो, दुसरा "बरा आहे की" म्हणतो आणि विषय मिटतो. माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात ती बदामी आणि बिस्किटीवरून.

आमच्या बेडरूमचा रंग पिस्ता होता. हॉल गुलाबी, बेडरूम पिस्ता, स्वयंपाकघर आकाशी आणि छतं सगळी पांढरी, ही वाटणी जुन्या रंगाऱ्याने परस्पर केली होती. घरमालकाला विचारायचं असतं हे त्यालाही सुचलं नव्हतं आणि आम्हालाही. पुढे दोनदा रंग काढला तेव्हाही भिंतीवर होता तोच चोपडला. संसार सुखाचा चालला होता.

मग आमची लेक दिवाळीला आली. ती बंगळुरूला नोकरी करते. तिथल्या भाड्याच्या खोलीत साधा खिळा ठोकायची परवानगी नाही, त्यामुळे सजावटीची सगळी हौस ती डोंबिवलीत येऊन भागवते. पिशव्या खाली ठेवायच्या आधीच तिने बेडरूमच्या दारातून एक नजर टाकली आणि म्हणाली, "आई, ही खोली अंगावर येते गं."

इतकी वर्षं त्या खोलीत आम्ही गाढ झोपत होतो. तरी मीही वळून भिंतीकडे जरा संशयाने पाहिलं.

"आता सगळीकडे वॉर्म न्यूट्रल चाललंय," असं म्हणत तिने फोनवर फोटो दाखवले. सायीच्या रंगाची भिंत, त्याच रंगाचे पडदे, त्याच रंगाचा पलंगपोस, जमिनीवर तागाचा गालिचा आणि कोपऱ्यात मातीच्या उंच भांड्यात वाळकं गवत.

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो निरखला. "गवत आहे. म्हैस कुठे बांधली आहे?"

मला वेगळाच प्रश्न पडला होता. त्या शंभर फोटोंमध्ये एकही कपाट नव्हतं. गाद्या नव्हत्या, इस्त्रीची टोपली नव्हती, फोनच्या चार्जरची वायर नव्हती. ही माणसं कपडे ठेवतात कुठे? बहुतेक फोटो काढेपर्यंत सगळं शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवत असावीत.

आमच्या ह्यांनी बँकेत जन्म घालवला. त्यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. "हे 'सध्या चाललंय' कोण ठरवतं?" लेकीने सांगितलं, पँटोन नावाची एक अमेरिकन कंपनी आहे, ती दरवर्षी एक रंग जाहीर करते. २०२५ सालचा होता 'मोका मूस', म्हणजे मऊसा तपकिरी. "दरवर्षी?" हे म्हणाले. "आपण पंधरा वर्षांनी रंग काढतो. म्हणजे आपल्याकडे चौदा रंगांची थकबाकी आहे." आणि पेपर उघडून बसले. त्यांच्या परीने तो होकारच होता.

रंगाच्या दुकानात शेडकार्ड नावाचा एक गठ्ठा मिळतो. दुकानदाराने तो पत्त्यांसारखा पंखा करून समोर धरला. प्रत्येक पट्टीवर वरून खाली सहा-सात चौकोन, आणि मला ते सगळे एकाच रंगाचे दिसत होते. लेक मात्र "हा गुलाबीकडे झुकतो", "ह्यात हिरवट झाक आहे" असं म्हणत एकेक चौकोन बाद करत चालली होती. रंगांना नावंही अशी, की एखादं वाळवंट, एखादी कॉफी नाहीतर एखादी कुजबुज विकत घेतोय असं वाटावं. मी हळूच विचारलं, "बदामी आहे का?" दुकानदार करुणेने हसला. "बदामीत आपल्याकडे भरपूर आहेत, वहिनी. कुठला बदामी?"

शेवटी नमुन्याचे छोटे डबे घ्यायचं ठरलं. हे डबे तयार होताना बघण्यासारखे असतात. पांढऱ्या बेसचा डबा यंत्राखाली ठेवायचा, संगणकात शेडचा नंबर टाकायचा, की वरच्या नळ्यांतून ठिपका ठिपका रंगद्रव्य पडतं. एक ठिपका पिवळा, अर्धा लाल, किंचित काळा. मग झाकण दाबून बसवायचं, डबा दुसऱ्या यंत्रात घालून गदागदा हलवायचा आणि झाकणावर एक बोट रंग फासून तो ड्रायरने वाळवायचा. मी विचारलं, हा पिवळा आणि हा लाल कसला? "ऑक्साइड," तो म्हणाला, "आयर्न ऑक्साइड."

म्हणजे लोखंडाचा गंज! आमच्या खिडकीच्या ग्रिलला दर पावसाळ्यात फुकट येतो तो. चांगल्या प्रतीच्या डब्याला लिटरमागे पाचशेच्या वर मोजायचे आणि त्यातून ग्रिलचा रंग घरात आणायचा. अंगणात गेरू लावतात त्या गेरूतही हेच लोखंड. घरी आल्यावर सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "मग काय तर! आमच्या माहेरी पांढऱ्या मातीची भिंत, खाली गेरूचा पट्टा आणि शेणाने सारवलेली जमीन. तेच लावा, स्वस्तात होईल." लेकीचे डोळे चमकले. "आजी, यालाच अर्दी टोन्स म्हणतात!" माहेरची जमीन इतकी पुढारलेली होती हे कळल्यावर सासूबाई या प्रकल्पाच्या बाजूने झाल्या त्या कायमच्या.

नमुन्याचे पट्टे भिंतीवर मारले आणि खरा तमाशा सुरू झाला. आमच्या बेडरूमची खिडकी पूर्वेला आहे. समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर दुसरी इमारत, आणि तिच्या सोसायटीने तिला नुकताच पोपटी रंग दिलाय. सकाळी कोवळ्या उन्हात आमचे सगळे पट्टे सुरेख दिसले, अगदी सायीसारखे. दुपारी सूर्य आमच्या डोक्यावरून पलीकडे गेला, ऊन समोरच्या भिंतीवर आपटलं आणि तिथून पोपटी होऊन आमच्या खोलीत आलं. सायीचं कैरीचं पन्हं झालं. रात्री ट्यूबलाइट लावली तर त्याच पट्ट्यांची राख. दिवसभर जो पट्टा सर्वांत देखणा होता, त्याच्याकडे बघून हे म्हणाले, "इथे ओल आली आहे का?"

लेकीच्या मते दोष रंगाचा नसून दिव्याचा होता. आम्हाला तिघांना समोर बसवून तिने केल्विन शिकवलं. आपली पांढरी ट्यूब असते ६५०० केल्विनची, तिचा उजेड निळसर. बेडरूमला हवा २७०० ते ३००० चा, पिवळसर. "आकडा कमी तितका प्रकाश उबदार," ती म्हणाली. सासूबाईंना हे पटेना. जास्त आकडा म्हणजे जास्त गरम, त्यांच्या तापाच्या थर्मामीटरपासून हाच नियम. गंमत म्हणजे भौतिकशास्त्र त्यांच्याच बाजूचं आहे. लोखंड तापवलं की आधी लालबुंद होतं आणि आणखी तापवत नेलं की पांढरं पडत जातं. पण त्या संध्याकाळी भौतिकशास्त्राला कोणी विचारत नव्हतं. ३००० चे बल्ब लागले. खोली हॉटेलसारखी दिसायला लागली आणि ह्यांना हॉटेलसारखंच मेन्यूकार्ड वाचता येईना, म्हणजे पेपर. शिवाय निळे मोजे आणि काळे मोजे यांतला फरक त्या उजेडात संपूर्ण नाहीसा झाला. तडजोड म्हणून ट्यूब भिंतीवर राहिली आणि तिचं बटण कोणी कधी दाबायचं यावर स्वतंत्र वाटाघाटी झाल्या.

पट्टा काही ठरेना. तेव्हा लेकीने ब्रह्मास्त्र काढलं. "बाबा, अख्ख्या विश्वाचा रंग बेज आहे, माहितीये?" हे खरं निघालं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या कार्ल ग्लेझब्रुक आणि इव्हान बाल्ड्री या दोन खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून जास्त दीर्घिकांचा प्रकाश एकत्र करून विश्वाचा सरासरी रंग काढला होता. २००२ च्या जानेवारीत त्यांनी तो जाहीर केला: फिकट फिरोजी. जगभर बातम्या झाल्या आणि मार्चमध्ये त्यांनाच सांगावं लागलं की गणित करणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये गफलत होती. पांढरा म्हणून जो पांढरा धरायचा, तोच चुकीचा धरला गेला होता. दुरुस्त करून पाहिलं तर विश्व निघालं दुधाळ बेज. त्याला त्यांनी 'कॉस्मिक लाटे' असं कॉफीचं नाव दिलं.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे पांढरा नेमका कोणता हे त्यांनासुद्धा ठरवता आलं नाही. आणि तू मला सहा पट्ट्यांपुढे उभं करतेस!" मला तर त्या दोन शास्त्रज्ञांच्या घरच्यांची काळजी वाटली. पण विश्वाने घेतलाय म्हटल्यावर त्याच अंगाचा एक पट्टा मंजूर झाला.

रंगारी आला, त्याने झाकणावरचा ठिपका नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, ये तो सफेदही है." मी समजावून सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण माझी समजूत काढण्यासाठी. "सीलिंग को तो असली सफेद मारेंगे ना?" छत पांढरंच, यावर घरात प्रथमच एकमत झालं.

काम सुरू करायचं म्हणजे आधी खोली रिकामी करायची. पलंगाची फळी उचलली आणि मी मटकन खालीच बसले. मराठी माणसाच्या पलंगात काय नसतं? आहेराच्या साड्यांचे न उघडलेले पुडे, लेकीच्या दहावीच्या वह्या, मिक्सरचं खोकं, टीव्हीचं खोकं, त्या खोक्यातला थर्माकोल (पुढे बदली झाली तर टीव्ही हलवायला, हे निवृत्त होऊन बराच काळ लोटलाय), शिवाय जुना स्टॅबिलायझर, रबरी गरम पाण्याची पिशवी आणि ब्लाउजपीस. ब्लाउजपीस तर ढिगाने. राणी, मोरपंखी, चिंतामणी, आमसुली. एकाच्या घडीत चिठ्ठी निघाली, तिच्यावर माझ्याच अक्षरात मावसजावेचं नाव. म्हणजे मी दिलेला तो तुकडा नातेवाइकांत प्रदक्षिणा घालून घरी परतला होता. हा सगळा ऐवज हॉलमध्ये आला, आम्हीही हॉलमध्ये आलो, आणि रंगाऱ्याचा घोडा बेडरूममध्ये जाऊन उभा राहिला.

जुने पोपडे खरवडले, लांबी भरली, पॉलिशपेपर मारला. त्या पांढऱ्या पिठाने आमच्या डाळ-तांदळापासून देवघरातल्या बाळकृष्णापर्यंत सगळं घर न्यूट्रल करून टाकलं. प्रायमर लागला. मग रंगाचा पहिला हात, आणि एक दिवस सोडून दुसरा. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "प्रायमर छान बसलाय हो. रंग कुठला घेताय?" लेक त्या दिवशी जेवली नाही.

भिंत झाली, आता सामान. लेकीच्या म्हणण्याप्रमाणे खोलीत त्याच जातकुळीच्या चारच वस्तू राहायला हव्या होत्या. लिननचे पडदे आले. धुतले की चुरगळतात आणि चुरगळलेलेच लावायचे असतात, हे ऐकून मला लिननबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. लोकरीच्या गाठींसारख्या कापडाच्या उश्या आल्या. त्यांच्यावर डोकं ठेवायचं नसतं. रात्री उचलून कुठेतरी ठेवायच्या असतात, आणि ते 'कुठेतरी' आमच्या घरात नाही. त्या ह्यांच्या खुर्चीवर झोपतात.

जुन्या मंडळींनी मात्र दाद दिली नाही. लोखंडी कपाट हलेना, कारण ते इमारतीचा जिना होण्याआधी आलं असावं, अशी आता माझी खात्री पटली आहे. कालनिर्णयला लेकीने स्वयंपाकघरात हद्दपार केलं, पण दूधवाल्याचा खाडा आणि सासूबाईंची एकादशी दोन्ही त्याच भिंतीवर बघायची सवय, म्हणून खिळा होता तिथेच त्याचं पुनर्वसन झालं. आणि थंडी पडली तशी सोलापुरी चादर निघाली. लालभडक, निळे काठ, मध्ये पांढरी नक्षी. विश्वाच्या रंगाच्या त्या खोलीत ती पलंगावर पसरली आणि सगळा उजेड तिने एकटीने खाऊन टाकला. लेकीने महागाची, ओटमील रंगाची एक पातळ चादर आणली होती. पहाटे हे कुडकुडत उठले आणि भौगोलिक मानांकन असलेली चादर अंगावर घेऊन पुन्हा झोपले.

सासूबाईंनी तयार खोलीचं परीक्षण केलं. भिंतीवरून तळवा फिरवला, पडद्याचं टोक चिमटीत धरून बघितलं आणि निकाल दिला, "चांगला आहे. मळखाऊ आहे." लेकीला ते फार लागलं. खरं सांगायचं तर सासूबाईंचा अंदाजही चुकला. हे भिंतीला टेकून पेपर वाचतात आणि डोक्याला रोज खोबरेल लावतात. उशीच्या बरोबर वर, पहिल्याच आठवड्यात, एक लांबटगोल चमकदार डाग उगवला. त्याची छटा कुठल्याच शेडकार्डात नाही.

लेक बंगळुरूला परत गेली. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला, खोली दाखव म्हणाली. मी दारात उभी राहून फोन फिरवला. एवढ्यात फ्रेममध्ये सोलापुरी आली आणि फोनने त्या लालाला घाबरून बाकीच्या रंगांचा हिशेबच बदलला.

"आई! तुम्ही पांढरा लावून घेतलात? बाबांनी लावला ना? मला माहीतच होतं!"

"अगं, तोच आहे," मी म्हटलं.

"तो नाहीये. मला दिसतंय ना."

ह्यांनी मागून ट्यूब लावून बघितली. त्यावर ती म्हणाली, आता निळा दिसतोय. ट्यूब बंद करून पिवळे बल्ब लावले, तशी म्हणाली, चादर काढा. सासूबाई चादरीवरच बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. शेवटी वैतागून मी फोन वर, छताकडे वळवला.

"हां! थांब, हलवू नकोस," ती ओरडली. "हाच! हाच तो शेड. बघ किती सुंदर दिसतोय!"